निकमांची ज्योत्स्ना

ज्योत्स्नाचं खरं आडनाव देसले. पण दिवसभरात ती कधी सोनवणे असे, कधी बोरसे, कधी साळुंखे, कधी निकम. समोरच्या स्क्रीनवर ज्या कर्जदाराचं नाव येई त्याचं आडनाव ती आपल्या नावापुढे लावी आणि मग फोन करी. लग्न न होता दिवसातून शंभरदा आडनाव बदलणारी मुलगी जळगावात दुसरी नसेल. या करामतीचे तिला महिन्याला साडेनऊ हजार मिळत. तीन वर्षांपूर्वी ती लागली तेव्हा साडेनऊ, आज साडेनऊ. कंपनीच्या कागदावर ती अजून प्रशिक्षणार्थी होती. तीन वर्षांत माणूस विमान चालवायला शिकतो, आणि ही बापडी अजून फोन लावायला शिकत होती!

कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. अशा कंपन्या दर दोन वर्षांनी पाटी बदलतात. फोन, टीव्ही, फ्रिज, शिलाई मशीन असं काहीही दुकानात उभ्याउभ्या हप्त्यावर मिळवून द्यायचं आणि हप्ता चुकला की माणसाच्या मागे लागायचं, हा कंपनीचा धंदा. मागे लागणाऱ्यांचं ऑफिस जळगावात एका मार्केटच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट बंद. आत बारा मुली कानाला हेडफोन लावून ओळीने बसायच्या. बाकीच्या अकरा जणी प्रमाण मराठीत, नाहीतर मोडक्या हिंदीत धमकावायच्या. लोक फोन कापायचे. ज्योत्स्नाचा फोन कोणी कापत नसे, कारण ती अहिराणीत बोले, आणि पहिल्याच वाक्यात नातं लावी.

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. सुरुवातीला तिने अमळनेरकडच्या एका तोताराम नावाच्या म्हाताऱ्याला फोन लावला होता. माणूस वडिलांच्या वयाचा, म्हणून तिच्या तोंडून आपसूक "आबा" गेलं. म्हातारा खूश झाला आणि म्हणाला, "कोणनी आंडेर शे तू, माय?" कोणाची मुलगी म्हणून विचारलं तेव्हा ती गडबडली. खरं नाव सांगायचं नाही असा कंपनीचा नियम. समोर त्याचंच आडनाव दिसत होतं, तेच तिने सांगून टाकलं. आपल्याच भाऊबंदांची पोर म्हटल्यावर म्हातारा विरघळला आणि संध्याकाळी हप्ता भरून मोकळा झाला.

एका घाबरलेल्या पोरीची चूक ती. पण फोन रेकॉर्ड होतात. शाखेचे साहेब हितेंद्र यांनी ते रेकॉर्डिंग चार वेळा ऐकलं, आणि पाचव्या दिवशी त्याचा छापील कागद करून ज्योत्स्नाच्या टेबलावर चिकटवला. आडनाव ग्राहकाचेच सांगावे. वयानुसार आबा, नाना, अक्का, मोठी माय म्हणावे. घरची विचारपूस करावी. मग हप्ता काढावा. आणि सगळ्यात शेवटी, अगदीच नाही म्हणाले तर, 'तुमचा हप्ता आला नाही तर माझी नोकरी जाईल' हे वाक्य घालावे. जे नातं जोडायला माणसं पिढ्या घालवतात ते हितेंद्र सरांनी पाच ओळींत बसवलं. त्याबद्दल त्यांना नाशिकच्या बैठकीत शाल मिळाली. ज्योत्स्नाला पेढा मिळाला, एक.

तिला हे आवडत होतं असं नाही. पहिले काही महिने घरी जेवण जात नसे. मग जाऊ लागलं. पोट कुठवर रुसून बसणार?

घर पिंप्राळ्यात, दोन खोल्यांचं. वडील बन्सीलाल, त्यांना सगळे नाना म्हणत, बावीस वर्षं डाळ मिलमध्ये पोती वाहत आणि चाळण्यांवर उभे राहत. भाऊ नीलेश अर्थशास्त्रात एम. ए., पाच वर्षं अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षा देत होता. जागा निघत नसत, निघाल्या तर परीक्षा होत नसे, झाली तर निकाल लागत नसे. त्यामुळे नीलेशकडे विद्या पुष्कळ साठली होती आणि ती बाहेर काढायला घरातल्या जेवणाशिवाय दुसरी जागा नव्हती.

"नाना, तुमचा रोज पाच वर्षांपासून चारशे वीसच आहे. डाळीचा भाव कुठे गेला?" नीलेश घास हातात धरून सुरू करी. "मधला पैसा गेला कुठे? यालाच भांडवलशाही म्हणतात. पगार वाढवायचा नाही. पण माल तर खपला पाहिजे. मग काय करायचं? माणसाला कर्ज द्यायचं. जो पैसा पगारात द्यायचा तोच व्याजाने द्यायचा. आणि तो वसूल करायला माझी बहीण ठेवायची, साडेनऊ हजारात."

"भाषण झोडी ऱ्हायना," नाना खोकत म्हणत. "शेठनी माले कामवरथून काढं का? नही. दुसरीकडे चारशे बी देत नहीत."

"तेच तर सांगतोय! बाहेर माझ्यासारखे पाचशे उभे आहेत म्हणून तुम्ही चारशे विसावर गप्प बसता."

मग ज्योत्स्ना चिडे. "तू ज्या फोनवर ही व्याख्यानं ऐकतोस ना, त्याचा हप्ता माझ्या पगारातून जातो. आधी तो भर, मग भांडवलशाही काढ." नीलेश हातातला घास तोंडात घाली. त्याचं बोलणं तिला खोटं वाटत नसे, आणि म्हणूनच त्याचा जास्त राग येई. खरं बोलून घरात एक दाणा येत नव्हता.

नानांचा खोकला मात्र वाढत चालला होता. सिव्हिलच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, डाळीची धूळ छातीत बसली आहे, मिल सोडा. मिल सोडायची तर घरात दुसरा पगार हवा. आणि तो पगार एका पत्रात अडकला होता. हितेंद्र सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "श्रावणात तुझी धरणगाव-अमळनेरची यादी नव्वद टक्के वसूल झाली, की तू कायम. अठरा हजार, पीएफ, विमा. सुलक्षणा मॅडम स्वतः नाशिकहून पत्र घेऊन येतील." ज्योत्स्नाने घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी नाना मिलमध्ये मुकादमाला म्हणाले, गणपतीनंतर मी नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी कोणाला काही ऐकवलं होतं.

कानबाईच्या सणाआधीच्या बुधवारी वसुली एकोणनव्वद टक्क्यांवर आली. एक मोठं खातं आलं की झालं. स्क्रीनवर नाव होतं, भागाबाई झुलाल निकम, वय अडुसष्ट, धरणगाव तालुका. वस्तू मोबाइल. हप्ते थकले तीन.

अडुसष्ट वर्षांच्या बाईला एकतीस हजारांचा मोबाइल कशाला, हा प्रश्न तो विकताना कोणालाच पडला नव्हता. ज्योत्स्नाला उत्तर ठाऊक होतं, कारण अशी खाती तिच्या यादीत डझनाने होती. नातू बेकार असतो, त्याला सुरतेत सामान पोचवण्याचं काम मिळणार असतं. त्या कामाला भारी फोन लागतो, आणि त्याच्या नावावर कर्ज मिळत नाही. मग आजीचा अंगठा.

तिने फोन लावला.

"भागाबाई निकम का? मी ज्योत्स्ना निकम बोली ऱ्हायनी, जळगावथाईन."

"निकम?" पलीकडचा आवाज एकदम जवळ आला. "कोणनी आंडेर शे तू?"

"तुमनाच भाऊबंदनी शे, मोठी माय. मना नाना लहानपणीच जळगावले निंघी उनात."

"ओ माय! नि इतला दिनमा एक फोन नही करा तू?"

मग विचारपूस झाली. गुडघे दुखतात. पाऊस बरा आहे. नवल, म्हणजे नातू, सुरतेला आहे, पण त्याचं काम दोन महिन्यांतच बंद पडलं, आता तो कुठल्याशा गोदामात रोजावर जातो आणि फोनही उचलत नाही. ज्योत्स्ना ऐकत गेली, हुंकार देत गेली, आणि कागदावरच्या चौथ्या ओळीवर आली.

"मोठी माय, तुमना तीन हप्ता थकेल शेतस."

"माले ठाऊक शे बेटा. पण कथाईन देऊ? मी निंदाले जास तव्हय चूल पेटस."

पाचवी ओळ उरली होती. ती म्हणताना ज्योत्स्ना दर वेळी स्क्रीनवरून नजर काढून घेई, कारण अख्ख्या फोनमध्ये तेवढीच एक गोष्ट खरी होती.

"हप्ता नही उना ते मनी नोकरी जाई, मोठी माय."

पलीकडे भागाबाईने कोंबडीला हुसकावलं.

"नोकरी जाई?" भागाबाई म्हणाली. "नही बेटा, ते नको. आम्हना निकममा पोरंसोरं बठ्ठा घरमा बठेल शेतस. एक पोर नोकरीले लागेल शे, ती बी जाऊ देऊ का मी? कितला शेतस?"

"दंड धरीसन सात हजार दोनशे."

"करस मी कायतरी. नि आयक, रविवारले कानबाई शे. तुमनाकडे रोट ऱ्हातस ना?"

ज्योत्स्ना अडखळली. कागदावर याला ओळ नव्हती. "नही, आठे कोणी बसाडत नही."

"भाऊबंदनी पोर नि रोटबिगर! मंगळवारले मी सोता येस. पैसा बी आनस नि तुनाकरता रोट बी आनस."

फोन ठेवल्यावर ज्योत्स्नाने पुढचा नंबर लावला नाही. खान्देशात वाढलेल्या कोणीही लावला नसता. श्रावणात कानबाई बसते, घरातल्या माणसागणिक गव्हाच्या मुठी मोजून दळतात आणि त्याचा रोट करतात. हा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. शेजारी कितीही जिव्हाळ्याचा असो, पाहुणा कितीही मोठा असो, त्याला द्यायचा नाही. उरला तर घरच्यांनीच पौर्णिमेच्या आत संपवायचा, चुराही परक्याच्या तोंडी जाऊ द्यायचा नाही. गेला तर देवीचा कोप, आणि तो खाणाऱ्यावर नाही, देणाऱ्यावर. देसल्यांची पोर निकमांचा रोट खाणार म्हणजे ते पाप त्या अडुसष्ट वर्षांच्या बाईच्या पदरात पडणार, आणि तिला त्याचा पत्ताही नसणार.

येणार नाही, असं ज्योत्स्नाने स्वतःला पाच दिवस समजावलं. बोलतात म्हातारी माणसं. गुडघे दुखतात. तीन मजले आहेत.

मंगळवारी सकाळी सुलक्षणा मॅडम नाशिकहून आल्या. पांढरी गाडी, गोड आवाज, सगळ्या मुलींना "डिअर" म्हणायची सवय. हितेंद्र सरांनी नवा शर्ट घातला होता. ज्योत्स्नाच्या नावाचं पत्र पारदर्शक फोल्डरमध्ये केबिनच्या टेबलावर दिसत होतं. एकोणनव्वदवर काटा अडकला होता, आणि साडेअकराला नोटिशीवरचा पत्ता लोकांना दाखवत भागाबाई जिन्याने वर आली.

दारातच तिने विचारलं, "ज्योत्स्ना निकम कोठे बठस?"

शिपाई म्हणाला, या नावाचं कोणी नाही. पण शेजारच्या खुर्चीवरच्या नूतनला सगळा प्रकार ठाऊक होता, तिने बोट केलं. भागाबाई आली आणि तिने ज्योत्स्नाच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. हात खरखरीत होते आणि त्यांना निंदणीच्या गवताचा वास होता. "दुबळी शे वं तू," ती म्हणाली. "खातस का नही?"

आधी तिने पैसे भरले. कमरेच्या पिशवीतून नोटा काढून पैसे भरायच्या खिडकीवर ठेवल्या, सात हजार दोनशे. खिडकीतल्या मुलाने पावती फाडली. काटा नव्वदवर गेला. हितेंद्र सरांनी केबिनमधून अंगठा दाखवला.

मग भागाबाईने ज्योत्स्नाच्या टेबलावरचा कीबोर्ड बाजूला सारला आणि रोट बांधलेलं फडकं सोडलं.

"लगन व्हयेल शे का तुनं?"

"नही."

"मंग खाई ले. आजून आम्हनीच शे तू. मनासमोर खाय, मंग मी जास."

सुलक्षणा मॅडम बाहेर आल्या होत्या. काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं, हितेंद्र सरांनी कौतुकाने सांगितलं. मॅडमचे डोळे चमकले. "ओहो! ग्राहक आपल्या मुलीसाठी घरचा प्रसाद घेऊन आलाय! हितेंद्र, व्हिडिओ घ्या, ग्रुपवर टाकू. याला म्हणतात विश्वास. लोक उगाच म्हणतात कर्ज देणाऱ्या कंपन्या लुटतात. या आजींच्या हातात आज स्मार्टफोन आहे, कोणामुळे? ज्योत्स्ना डिअर, घे ना, खा. इकडे बघून खा."

हितेंद्र सरांनी फोन उभा धरला. अकरा मुली हेडफोन खाली करून बघू लागल्या. भागाबाईने रोटाचा एक तुकडा मोडून ज्योत्स्नाच्या तळहातावर ठेवला.

एक घास. तो गिळला असता तर पत्र मिळालं असतं, नानांची मिल सुटली असती, आणि म्हातारी हसत एस. टी.त बसून गावी गेली असती. देवीचा कोप वगैरे नीलेशने एका वाक्यात उडवून लावला असता. ज्योत्स्नालाही देवीची तेवढी भीती वाटत नव्हती. पण ही बाई, जिला दोन वेळचं कसंबसं मिळतं, तिने आपल्या घरातली सगळ्यात जपायची गोष्ट फडक्यात बांधून, तीन मजले चढून आणली होती. आणि कंपनी त्याची जाहिरात करत होती. पैसा, नातू, सगळं घेऊन झालं, आता यांना देवीचा रोटही हवा होता. तीन वर्षं जो राग ज्योत्स्नाने रोज जेवणाबरोबर गिळला होता तो आता खाली जाईना.

तिने तुकडा परत फडक्यावर ठेवला.

"मोठी माय, हाऊ रोट माले चालाव नही. मी निकम नही शे. मी देसले शे."

भागाबाईला कळलं नाही. "सासर देसले ठरेल शे का?"

"माहेरच देसले. ज्योत्स्ना बन्सीलाल देसले. मी तुमले खोटं सांगं. आठे आम्ही बठ्ठासले असंच खोटं सांगतस."

हितेंद्र सरांचा फोन खाली आला. "ज्योत्स्ना!"

रडणं नाही, शिव्या नाहीत. भागाबाईने आधी रोट झाकला. मग टेबलावर सांडलेला चुरा बोटाने टिपून टिपून फडक्यात घेतला, ज्योत्स्नाच्या तळहाताला चिकटलेले दोन कण होते तेही उचलले. फडक्याला गाठ मारली. एवढं झाल्यावर ती खिडकीकडे वळली.

"मना पैसा परत द्या."

"आजी," हितेंद्र सर पुढे आले, आवाज मऊ करून, "ते पैसे तुमच्या हप्त्याचे आहेत. पावती झाली. फोन घेतला होता ना तुम्ही?"

"लिधा व्हता. नही म्हणस का मी?"

"मग? कोणी जबरदस्ती केली होती का? तुम्हाला गरज होती, आम्ही पैसे दिले. बाजाराचा साधा नियम आहे. पैसे घेतले की परत द्यायचे."

"मंग आयक भाऊ." भागाबाईचा आवाज चढला नाही. "तीन महिना व्हयनात, मी तुमले पैसा दिधा का? तुमना माणूस मोटरसायकलवर उना, भरगल्लीमा बोंबलना, तव्हय दिधा का? व्हताच नहीत, कथाईन देऊ? हाई पोर म्हणनी, मनी नोकरी जाई. म्हणीसन मी गावना मुकादमकडथाईन उचल लिधी. दिवाळीलोंग त्याना कापूस येचसु फुकट. मी कंपनीले पैसा दिधाच नही. मी आम्हना निकमनी पोरले दिधात. ती पोर जर नही शे, ते मना पैसा परत द्या."

एमबीएच्या दोन वर्षांत हितेंद्र सरांना हा हिशेब कोणी शिकवला नव्हता. त्यांनी कर्जाचा करार काढला, कलम दाखवलं. भागाबाई म्हणाली, मला वाचता येत नाही, तुम्हाला येतं, तर तुम्हीच सांगा की यात खोटं नाव सांगून पैसे मागायचं कुठे लिहिलंय. नूतन तोंडावर ओढणी धरून हसली की रडली ते कळलं नाही.

"ती क्लिप डिलीट करा," सुलक्षणा मॅडम म्हणाल्या. आता डिअर नव्हतं. त्यांनी ज्योत्स्नाला दोन पावलं बाजूला घेतलं. "हे बघ. झालं ते झालं. मी काही मनावर घेत नाही. वसुली नव्वद झाली, पत्रावर माझी सही आहे, पत्र तुझं. उद्यापासून आडनाव सांगू नकोस, नुसतं 'आपलीच' म्हण, म्हणजे अडचण येणार नाही. या बाईंना खाली सोडून ये आणि कामाला लाग."

खरं बोलल्यावर आपल्याला काढतील असं ज्योत्स्नाला वाटलं होतं. पण खऱ्या-खोट्याशी या लोकांना काही देणंघेणंच नव्हतं. काटा नव्वदवर गेला होता, बस्स. तिच्या लाजेचीही त्यांनी एका शब्दात सोय लावून टाकली होती. फोल्डर मॅडमच्या हातात होतं, आतलं तिचं नाव वाचता येत होतं, खरं नाव, देसले. तिला नानांचा रात्रीचा खोकला आठवला आणि मुकादमाला त्यांनी ऐकवलेलं ते एक वाक्य. हात पुढे करायचीच खोटी होती.

"मॅडम, तिचे पैसे परत करा," ती म्हणाली.

"ते शक्य नाही. सिस्टीममध्ये गेले."

"तीन वर्षं माझा पगार वाढवायला तुमच्या सिस्टीममध्ये पैसे नव्हते. हिच्याकडून दंड घ्यायला बरी लगेच चालते सिस्टीम! तिच्या नातवाला काम नाही, म्हणून त्याला फोन विकलात. माझ्या घरात पगार पुरत नाही, म्हणून मला हिच्यामागे लावलंत. आणि वसूल कशावर केलंत? तिला कोणीतरी आपलं वाटलं यावर. नातं तुमचं नव्हतंच. जे तुमचं नाही ते वापरून आणलेले पैसे परत करा."

"आवाज खाली," हितेंद्र सर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांच्याही गाडीचा हप्ता पाच तारखेला जात असे. "नानांचा विचार कर, ज्योत्स्ना. पत्र घे आणि बस जागेवर."

"त्यांचाच करतेय," ती म्हणाली, आणि ते खरं नव्हतं. नानांचा विचार केला असता तर तिने पत्र घेतलं असतं. संध्याकाळी घरी जाऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं होतं, आणि त्यांना काय सांगायचं हे तिला ठाऊक नव्हतं. त्या विचाराने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं आणि भीतीचं, आणि ते तिने पुसलं नाही.

भागाबाईला हे सगळं मराठी पुरतं कळत नव्हतं. तिला एवढंच कळलं की पैसे मिळत नाहीत. ती खिडकीसमोरच्या फरशीवर पाय दुमडून बसली, गुडघ्याला हात लावत, हळूहळू. "मी आठेच बठस," ती म्हणाली. "पैसा ल्हेवाशिवाय जात नही."

शिपाई पुढे झाला, पण म्हाताऱ्या बाईला हात कसा लावायचा म्हणून मध्येच थांबला. सुलक्षणा मॅडम कोणाला तरी फोन करायला केबिनमध्ये गेल्या, जाताना फोल्डर घेऊन गेल्या. हितेंद्र सरांनी मुलींना ओरडून सांगितलं की फोन सुरू करा. दोघी-तिघींनी केले. बाकीच्या बसून राहिल्या.

ज्योत्स्नाने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. ती गेली आणि भागाबाईच्या शेजारी फरशीवर बसली. भागाबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. थोडी सरकून तिने जागा दिली, आणि रोटाचं गाठोडं उचलून पलीकडच्या बाजूला ठेवलं, ज्योत्स्नाच्या ओढणीचा पदर त्याला लागू नये म्हणून.